पंपाला काही होणार नाही

“श्यामदा, पंप को कुछ होगा तो नहीं?”

ऑफिसचा तरुण साहेब अनिर्बाण खुर्चीमागे उभा राहून विचारत होता. श्यामसुंदर देवस्थळींनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला आणि पडद्यावरच्या तळ्याकडे नीट पाहिलं. तळं म्हणजे एक निळा चौकोन. त्याच्या कडेला पाण्याची पातळी दाखवणारा आकडा, दोन पूर्णांक त्रेचाळीस मीटर. जरा खाली एक लाल रेघ, दोन पूर्णांक चाळीसवर. रेघेशेजारी कुणीतरी पूर्वी दोन अक्षरं टाकून ठेवली होती, व्ही. एल. पाणी त्या रेघेला टेकलं की पंप आपोआप बंद पडत. आणि इथून दीड हजार किलोमीटरवर, हिमालयात, रिंगालधारच्या उतारावर बर्फ फेकणाऱ्या अठरा तोफा थंड होत.

“ये व्ही. एल. क्या है?” देवस्थळींनी विचारलं.

“व्हेरी लो होगा, और क्या!” अनिर्बाण म्हणाला.

देवस्थळींनाही तसंच वाटत होतं. त्यांनी पंपाचा नकाशा उघडला. पाणी खेचणारं तोंड तळ्याच्या तळापासून अर्ध्या मीटरवर होतं. त्यावर आणखी अर्धा मीटर पाणी असलं की पंप हवा खेचणार नाही, पंख्याला इजा होणार नाही. म्हणजे एक मीटर पुष्कळ झालं. ज्याने कुणी ही रेघ दोन पूर्णांक चाळीसवर ओढून ठेवली, त्याला पंपांतलं फारसं कळत नसावं, अशी त्यांची खात्री पटली.

“दीड मीटर पे लाओ. बिनधास्त लाओ. पंप को कुछ नहीं होगा,” ते म्हणाले.

अनिर्बाणने सुटकेचा श्वास टाकला. पाच जानेवारीला रिंगालधारला स्कीइंगची मोठी स्पर्धा होती आणि डिसेंबरची बावीस तारीख उजाडली तरी तिथे आभाळातून चिमूटभर बर्फ पडलं नव्हतं. उतार सगळा तपकिरी. पाहुण्यांची बुकिंगं झालेली, फलक लागलेले. तिथल्या रिसॉर्टच्या मालकाकडून दिवसाला चार-चार फोन येत होते.

देवस्थळींनी आपला पासवर्ड घातला, चाळीसच्या जागी पन्नास आणि दोनच्या जागी एक केला आणि बटण दाबलं. लाल रेघ सर्रकन खाली घसरली. नोंदवहीत आपोआप ओळ उमटली: एस. देवस्थळी, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

मग त्यांनी थर्मासमधल्या चहाचा घोट घेतला आणि कानटोपी जरा खाली ओढली. न्यू टाउनच्या त्या सातव्या मजल्यावर यंत्रांसाठी इतका गारवा ठेवलेला असे की कोलकात्याच्या डिसेंबरात बाहेर जेवढी थंडी नव्हती, तेवढी आत होती.

एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यातली पस्तीस वर्षं देवस्थळींनी पाणी देण्यात घालवली होती. देवरुखकडचं एक खेडं सोडून चोविसाव्या वर्षी ते बराकपूरला आले ते एका सरकारी पंपहाउसवर ऑपरेटर म्हणून. चारशे क्वार्टर्सना सकाळ-संध्याकाळ पाणी सोडायचं, एवढंच काम. पण त्या कामाचा त्यांना अभिमान होता. एकदा ऐन मे महिन्यात एका साहेबाने क्लबच्या हिरवळीकडे पाणी वळवायला सांगितलं, तेव्हा देवस्थळींनी व्हॉल्व्हची चावी खिशात घातली होती आणि म्हणाले होते, “आधी क्वार्टर्स, साहेब. मग गवत.” दोन वर्षं बढती अडली. ती गोष्ट ते आजही सांगत. बायकोला, सरलाताईंना, ती पाठ होती आणि जावयालाही पाठ होत आली होती.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांत घरात बसून त्यांचा जीव मेटाकुटीला आला. तेव्हा जावयानेच, अजेयने, आपल्या ओळखीतून ही नोकरी मिळवून दिली. दूरवरच्या हॉटेलांचे, मॉलचे, कारखान्यांचे पंप इथून पडद्यावर पाहायचे आणि चालवायचे. सगळी पोरं विशी-पंचविशीतली. कॉम्प्युटरमध्ये पटाईत, पण पंप हाताने उघडून पाहिलेला त्यांच्यात एकही नाही. म्हणून ‘श्यामदां’ना मान होता.

रिंगालधारचं काम या मोसमात नवीनच आलं होतं. देवस्थळींना त्याचं फार अप्रूप वाटे. जन्मात कधी बर्फ न पाहिलेला माणूस बराकपूरच्या स्टेशनवर पहाटेची गाडी पकडून येतो आणि हिमालयात बर्फ पाडतो! रात्रपाळीवाला तोफा सुरू करून ठेवी. देवस्थळी सकाळी सहाला बसत आणि दहाला तिथे ऊन तापेपर्यंत त्या चालवत. पाण्याचा बारीक फवारा दाबाखालच्या हवेबरोबर उडवायचा, हवा कोरडी आणि उणे चारच्या खाली असली की थेंब खाली पडेपर्यंत त्याचं बर्फ झालेलं असे.

रोज सव्वासहाला ते उतारावरच्या माणसाला फोन लावत. दौलत नेगी त्याचं नाव. आवाज खोल, शब्द मोजके.

“राम राम, नेगीजी. पंप ठीक?”

“ठीक है, साब.”

“आवाज-वावाज?”

“नहीं साब. ठीक चल रहा है.”

दोन महिने रोज हेच बोलणं. तरी देवस्थळींना वाटे, या माणसाशी आपलं जुळतं. तोही आपल्यासारखाच पंपवाला.

लेकीला, चैत्रालीला, त्यांनी या कामाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की नाताळच्या सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्न तिच्या बालीगंजच्या घरात उरलाच नाही. “आजोबांचं बर्फ बघायचं,” असा सात वर्षांच्या नातीने, ऋताने, हट्टच धरला. वरच्या हॉटेलांचे भाव ऐकून अजेयने हात टेकले आणि उताराखालच्या सुनेठी गावात एका घरगुती मुक्कामाची सोय केली. पंचवीस तारखेला तिघं पोचली. सव्वीसला ऋताचा फोटो आला. लाल टोपी, गुलाबी गाल, आणि तपकिरी डोंगरावर गालिच्यासारखी अंथरलेली बर्फाची लांबच लांब पांढरी पट्टी. खाली चैत्रालीने लिहिलं होतं, ‘बाबा, तुमची बर्फ!’

“तुमचं बर्फ,” देवस्थळींनी उलट लिहिलं. मुलगी कोलकात्यात वाढली, बंगालीत लिंगाची भानगड नाही, त्यामुळे तिची मराठी अशी अडखळायची आणि ते न चुकता दुरुस्त करायचे. पण तो फोटो त्यांनी दोन दिवसांत निदान वीस जणांना दाखवला. लोकलमधल्या ओळखीच्यांना, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यालासुद्धा.

अठ्ठावीस तारखेला दुपारी दोनला पाळी संपली. मोबाइल आत नेता येत नसे, बाहेर कपाटात ठेवावा लागे. तो काढून पाहिला तर चैत्रालीचे नऊ फोन येऊन गेलेले. ऋताला काही झालं की काय, या धास्तीने ते लिफ्टमध्येच संदेश उघडू लागले. शब्द नव्हते, एकच फोटो होता.

लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, माणसं बाहेर पडली. देवस्थळी तिथेच उभे राहिले. दार मिटलं आणि लिफ्ट त्यांना घेऊन पुन्हा वर गेली.

फोटो तळ्याचा होता. दोन महिने ते ज्याला निळा चौकोन म्हणून पाहत होते, ते तळं. काठाला भेगाळलेल्या चिखलाचं रुंद कडं, त्यावर तुटलेल्या बर्फाचे पापुद्रे. समोरच्या दगडी भिंतीतून एक चार इंची लोखंडी पाइप बाहेर आला होता. पुढच्या टोकाला जाळी. ते तोंड उघडं, हवेत. त्याच्या खाली पुरुषभर नाही म्हटलं तरी मांडीएवढ्या अंतरावर पाणी.

पस्तीस वर्षं पाइप पाहिलेल्या माणसाला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. पंपाचा पाइप इतका वर नसतो. हा उताराने आपोआप पाणी नेणारा पाइप होता. गावाचा. त्याच्या तोंडापाशी पाणी असेल तेव्हा पातळी किती असेल, हेही त्यांना भिंतीवरच्या पाण्याच्या जुन्या डागावरून दिसत होतं. दोन पूर्णांक चाळीस.

व्ही. एल. व्हिलेज लाइन.

ती रेघ पंपासाठी नव्हतीच.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी फोन लावला. समोरून बसगाड्या जात होत्या, कंडक्टर ओरडत होते. चैत्रालीचा आवाज रडून बसलेला होता.

“बाबा, कधीपासून फोन करते मी! इथे चार दिवस पाणी येत नाही. टाकी होती गावाची, ती पण संपली. आज एकदम नाही आली.”

देवस्थळींनी दुरुस्त केलं नाही. “ऋता कशी आहे?”

“ऋता बरी आहे. काकी पडली बाबा. बिमलाकाकी, आम्ही ज्यांच्या घरी राहतो ना, त्या. सकाळी खालच्या नाल्यावर गेल्या पाणी आणायला. आमच्या आंघोळीसाठी! मी म्हटलं होतं, नको काकी, आम्हाला नको आंघोळ. तर म्हणे, मेहमान हो, ऐसे कैसे. नाल्यात सगळा बर्फ जमलेला. पाय सटकला. वीस लिटरचा डबा घेऊन पडल्या दगडावर…”

“लागलं किती?”

“कंबरेचं हाड, डॉक्टर म्हणाले. गावापर्यंत गाडी येत नाही. खुर्चीला बांबू बांधून चार माणसांनी वर रस्त्यापर्यंत नेलं. दीड तास. त्या ओरडत नव्हत्या बाबा. एकदाही नाही. ऋताने सगळं पाहिलं.” चैत्राली सांगत गेली, “मग गावातल्या बायका मला तळ्यावर घेऊन गेल्या. हे बघ, म्हणे, तुम्हारे खेल के लिए. मी काय बोलणार? बाबा, हे तळं तेच का? तुमचं?”

देवस्थळींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांनी दुसरंच विचारलं. “त्यांच्या घरी कोण आहे? नवरा?”

“आहे ना. तो वरच काम करतो, बर्फाच्या तोफांवर. दौलत नेगी. तुम्ही ओळखता का त्यांना?”

घरी ते कसे पोचले, त्यांना आठवत नव्हतं. सरलाताईंनी दार उघडलं आणि नवऱ्याचा चेहरा पाहून त्या बाजूला झाल्या. देवस्थळी चपला न काढताच टेबलापाशी बसले, वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडू लागले. अठरा तोफा. तासाला सव्वादोन लाख लिटर. चार तास धरले तरी नऊ लाख. सुनेठीत घरं साठ. पहाडातलं घर दिवसाला किती पाणी वापरेल? गुरांसकट तीनशे-चारशे लिटर धरा. साठ घरांना चोवीस हजार.

त्यांनी भागाकार केला. मग चुकला असेल म्हणून पुन्हा केला.

“अहो, काय झालंय? जेवायला वाढू का?”

“एका सकाळी,” देवस्थळी म्हणाले, “गावाचं सदतीस दिवसांचं पाणी. एका सकाळी, सरला. आणि मी चहा पीत होतो.”

सरलाताईंना थोडं चैत्रालीकडून कळलं होतं, उरलेलं आता कळलं. त्या समोर बसल्या. म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक नव्हतं ना पण.”

“विचारलं नाही मी. अनिर्बाणने विचारलं पंपाला काही होईल का, मी म्हटलं पंपाला काही होणार नाही. तिथे आणखी कोण पाणी घेतं, हे माझ्या तोंडातून आलं नाही. माझ्या! बराकपुरात पंप लावायच्या आधी मी क्वार्टर मोजत असे.”

संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यांनी नेगीला फोन लावला. नेगी जिल्ह्याच्या रुग्णालयात होता. मागे कुणाचं तरी कण्हणं, ट्रॉलीच्या चाकांचा आवाज.

“नेगीजी, मैं कलकत्ता से… देवस्थळी.”

“हाँ, साब.”

“कैसी हैं वो?”

“ऑपरेशन बोल रहे हैं. परसों.”

पुढचा प्रश्न देवस्थळींना टाळता आला नाही. “आपने मुझे बताया क्यों नहीं?”

नेगी ट्रॉलीच्या आवाजापासून बाजूला गेला.

“साब, नौकरी ऊपर वालों की है,” तो म्हणाला. “और मैंने सोचा, आपको तो दिखता होगा. ताल तो आपके सामने रहता है.” मग तक्रार न करता, नुसतंच आठवल्यासारखं तो बोलला, “आप रोज पूछते थे साब. पंप ठीक? पंप ठीक था.”

देवस्थळींनी फोन ठेवला. सरलाताईंनी त्यांना त्यापूर्वी एकदाच रडताना पाहिलं होतं, आई गेली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सहाला ते खुर्चीवर बसले. रात्रपाळीचा मुलगा जांभई देत बॅग उचलून गेला. पडद्यावर अठरा हिरवे ठिपके, तोफा जोरात. पातळी एक पूर्णांक त्र्याहत्तर. देवस्थळींनी पासवर्ड घातला, मर्यादेच्या घरात दोन पूर्णांक चाळीस लिहिलं आणि बटण दाबलं.

काही मोठा आवाज झाला नाही. एक बारीक शिट्टी वाजली. पंप थांबले आणि हिरवे ठिपके एकामागून एक राखाडी झाले. आठव्या मिनिटाला मालकाच्या माणसाचा फोन आला, विसाव्या मिनिटाला अनिर्बाणचा, आणि सात वाजता अनिर्बाण स्वतः, स्वेटर उलटा घातलेला, धापा टाकत.

“श्यामदा, ये क्या किया आपने? सात दिन बाकी है!”

देवस्थळींनी त्याला दाराबाहेर नेलं, कपाटातून मोबाइल काढला आणि फोटो दाखवला. मग सगळं सांगितलं. तळं, पाइप, नाला, डबा, खुर्चीला बांधलेले बांबू. आपली नात तिथे उभी होती हेही सांगितलं. अनिर्बाण काही वाईट मुलगा नव्हता. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरचा राग जात गेला आणि तो भिंतीला टेकला.

“मुझे नहीं पता था दादा. माँ कसम.”

“मलाही नव्हतं,” देवस्थळी नकळत मराठीत बोलून गेले. “लेकिन पता करना किसका काम था?”

अनिर्बाणने आधीच्या ठेकेदाराची जुनी फाइल उघडली. दोघांनी मिळून पानं चाळली. सदतीस पानांच्या त्या कागदांत अकराव्या पानावर तळटीप होती. व्ही. एल., म्हणजे गावाच्या नळाची पातळी. याखाली पाणी उपसू नये. अनिर्बाणने ती तीनदा वाचली. त्याचे कान लाल झाले होते.

“फाइल मेरे पास ही थी,” तो म्हणाला. “अक्टूबर से.”

तरीही व्हायचं ते झालं. दोन दिवस तोफा बंद राहिल्या. वरच्यांच्या बैठका झाल्या. मालकाने लिहून दिलं की गावाला टँकरने पाणी पुरवू, स्पर्धा होऊ द्या. अनिर्बाणने देवस्थळींना बोलावून घेतलं आणि मान खाली घालून सांगितलं की मर्यादा पुन्हा खाली आणायचीय, फक्त पाच तारखेपर्यंत.

“आणा,” देवस्थळी म्हणाले. “माझ्या पासवर्डने नाही.”

“दादा, मग तुम्हाला इथे ठेवता नाही येणार,” असं अनिर्बाणने हिंदीत, इंग्रजीत, शेवटी बंगालीत, तीन तऱ्हांनी सांगून पाहिलं. कुठल्याच भाषेत त्याला ते नीट म्हणता येईना. देवस्थळींनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मग नियम मोडून कपाटातला मोबाइल आत आणला, त्या खोलीतल्या प्रत्येक पोरापाशी जाऊन त्यांनी तो फोटो दाखवला आणि पाइपच्या तोंडावर बोट ठेवलं. एका मुलीने विचारलं, “काकू, एटा कोथाय?” काका, हे कुठे आहे, असं ती बंगालीत विचारत होती. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, सुनेठी, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

स्पर्धा झाली. पाच तारखेला त्यांनी ती मोबाइलवर पाहिली. चटकदार कपड्यांतले खेळाडू पांढऱ्या पट्टीवरून वाऱ्यासारखे खाली येत होते. कॅमेरा जरासुद्धा बाजूला वळत नव्हता, कारण बाजूला नुसती माती होती. टँकर गावावरच्या रस्त्यापर्यंत दोनदा आला. तिसऱ्यांदा चढावर गोठलेल्या रस्त्यावरून घसरला, मग आलाच नाही.

चैत्रालीने परत आल्यावर जे पाहिलं ते लिहून काढलं आणि अजेयने ते चार ठिकाणी पाठवलं. एका वर्तमानपत्राने आतल्या पानावर छापलं. फेब्रुवारीत कुठलासा अधिकारी तळं पाहायला गेला, असं नेगीने फोनवर सांगितलं. गावाचा पाइप तळाशी नेतो म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात तोफा निम्म्याच लावायच्या म्हणाले, आभाळातून बर्फ पडेल तेव्हाच स्पर्धा ठेवा असं गावाने ठरावात लिहून दिलं. “देखते हैं, साब,” नेगी म्हणाला. त्याची नोकरी गेली होती. तळ्यावर चैत्रालीला नेणाऱ्या बायकांत त्याची बहीण होती, हे मालकाला कळलं होतं.

मार्चच्या शेवटी देवस्थळी सरलाताईंना घेऊन सुनेठीला गेले. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, मग जीप, मग पाऊण तास पायी उतरण. बर्फ त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते असं: सगळा डोंगर मोकळा, खालच्या रानात बुरांस लालभडक फुललेला, आणि मधोमध धुळीने काळवंडलेली, कडेला कुरतडल्यासारखी एक लांब पट्टी. तोफेचं बर्फ घट्ट असतं, लवकर वितळत नाही, असं नेगीने सांगितलं. त्याच्याखालचं गवत अजून पिवळं होतं. गुरं तिथवर जात, हुंगत आणि परत फिरत. पट्टीच्या खालच्या टोकाशी बायकांनी पन्हळी लावल्या होत्या आणि वितळणारं पाणी थेंब थेंब डब्यांत गोळा होत होतं.

नेगी आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला, चाळिशीचा. त्याने दोघांना अंगणात नेलं. बिमला भिंतीशी खुर्चीवर बसली होती. शेजारी कुबड्या टेकवलेल्या. आता ती घरातल्या घरात चार पावलं टाकत होती. डोंगरावर चारा कापायला ती पुन्हा कधी जाणार नव्हती, हे नेगीने वाटेतच सांगितलं होतं.

“ऋता के नाना-नानी हैं,” नेगीने ओळख करून दिली. “कलकत्ते से.” तेवढंच. पुढचं त्याने गाळलं आणि देवस्थळींकडे पाहिलं नाही.

बिमलाचा चेहरा उजळला. ऋता शाळेत जाते का, तिला इथली राजम्याची भाजी आवडली होती, पाठवते मी, असं ती बोलत राहिली. सरलाताईंनी आणलेला खजुराच्या नोलेन गुळाचा डबा तिने नाकाशी नेऊन वास घेतला.

देवस्थळींना तिथून तसंच निघून जाता आलं असतं. नेगीने वाट मोकळी ठेवली होती.

“बहनजी,” ते म्हणाले. “वो पंप… कलकत्ते से मैं चलाता था. ताल का पानी मैंने नीचे किया. मैंने.”

सरलाताईंनी मान खाली घातली. नेगी अंगणाच्या कडेला जाऊन डोंगराकडे बघत उभा राहिला. बिमलाने गुळाचा डबा मांडीवर ठेवला, झाकण लावलं, ते नीट बसलंय का हे अंगठ्याने दाबून पाहिलं. देवस्थळी उभेच होते. ती काही बोलेल, ओरडेल, रडेल, डबा भिरकावेल, या सगळ्याची त्यांनी कोलकात्यापासून तयारी केली होती.

बिमलाने वर पाहिलं. खूप वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. जणू दीड हजार किलोमीटरवरून बटण दाबणारा माणूस कसा असतो, हे तिला एकदा बघून घ्यायचं होतं. मग तिने नजर आपल्या पायांकडे वळवली. भिंतीची सावली गुडघ्यापर्यंत आली होती.

“धूप चली गई,” ती म्हणाली. “ज़रा उधर कर दो.”

देवस्थळी पुढे झाले. नेगी मदतीला वळला, पण त्यांनी हाताने त्याला थांबवलं. खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून, तिच्यासकट, त्यांनी ती उचलली. त्यांना वाटलं होतं त्याहून ती कितीतरी हलकी होती. तीन पावलं पुढे, उन्हात, त्यांनी खुर्ची टेकवली. एक पाय डुगडुगत होता, त्याखाली चपटा दगड सरकवला.

मग ते तिच्याजवळच जमिनीवर बसले. ऊन भराभर सरकत होतं. तिसऱ्या प्रहरापर्यंत त्यांनी ती खुर्ची आणखी चार वेळा हलवली.